वाचून दाखवा

राजाबाईला गेटवर अडवलंय असा फोन आला तेव्हा उन्नती घरतला वाटलं, कुणी नवा वॉचमन आला असेल. खाली येऊन बघते तर वॉचमन तोच, जोतीराम, आणि त्याच्यासमोर पदर खोचून राजाबाई उभी. नवी मुंबईजवळच्या उलव्यातल्या या सागरछाया सोसायटीत माणसं राहायला आली तेव्हापासून ती कामाला येत होती. जोतीरामच्या मुलीच्या बारशाला पाळणा तिनेच म्हटला होता. तोच जोतीराम आता तिची नजर चुकवून हातातल्या मोबाईलकडे बघत होता.

"ताई, लाल येतंय," तो म्हणाला. "मावशींचा चेहरा स्कॅन केला की लाल. 'प्रवेश नाही.' मी काय करू?"

"परत कर."

"केला की. परत परत केला."

"आरं, त्या फोनला म्हनावं, नीट बघ," राजाबाई म्हणाली. "काल हिरवा हुता, आज लाल कसा झाला? एका रातीत मी काय दरोडा घातला का?"

सोसायटीने दिवाळीनंतर गेटवर 'द्वारसखा' नावाचं ॲप लावलं होतं. कामवाल्या, दूधवाले, ड्रायव्हर, सगळ्यांचे चेहरे त्यात चढवलेले. घरमालकांनी त्यांना घरबसल्या स्टार द्यायचे, तक्रार असली तर बटण दाबायचं. उन्नतीने ते ॲप स्वतःच्या फोनवर घेतलंच नव्हतं. पण आजूबाजूच्या बहुतेक सोसायट्यांत तेच होतं आणि सगळ्यांचा हिशेब एकाच जागी व्हायचा. त्यामुळे एका गेटवर लाल झालेली बाई सगळ्याच गेटांवर लाल. दुपारपर्यंत राजाबाई आपल्या बाकीच्या घरांच्या गेटांवरूनही परत फिरली होती.

उन्नती सोसायटीच्या चेअरमनकडे गेली. चेअरमन म्हणजे हरेश घरत, तिच्या वडिलांचा चुलतभाऊ. रेती-सिमेंटचा धंदा, गळ्यात जाड साखळी, आवाज असा की तिसऱ्या मजल्यावरून बोलला तरी गेटवर ऐकू यावं.

"काका, राजाबाई तुमच्यासमोर इतकी वर्षं काम करतेय. तुम्ही जोतीरामला सांगा, सोड म्हणून."

"अगो, मी काय करनार? सिस्टम हाय ती. तिच्यात आपल्याला बोट घालता येत नाय. मी सोडला तर कंपनी बोलते, जबाबदारी तुमची."

"पण लाल का केलं, ते तरी विचारा."

"इचारला मी. ते बोलतात, सांगता येत नाय."

मग उन्नतीनेच कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, हा निर्णय अल्गोरिदमचा असतो. नियम गोपनीय आहेत." तिसऱ्यांदा तेच वाक्य ऐकल्यावर उन्नतीने फोन ठेवला.

राजाबाई गेटबाहेरच्या कट्ट्यावर बसली होती. ती मूळची साताऱ्याकडच्या माण तालुक्यातली. नवरा हौसेराव वाशीच्या बाजारात हमाल, बिऱ्हाड उलवे गावातल्या एका खोलीत. रडायचा तिचा स्वभाव नव्हता. रागावली की ती उलट शांत व्हायची.

"ताई, त्यात माझ्यावर काय लिव्हलंय?" तिने विचारलं. "वाईट आसंल तर आसू द्या. पन मला वाचून दाखवा. आमच्या गावात अंगठा घ्यायच्या आधी सुदीक कागद वाचून दाखवत्यात. हितं माझा चेहरा घेतला, आनि काय लिव्हलं ते माझ्यापास्नंच लपवत्यात व्हय?"

असल्याच प्रश्नावर उन्नतीने कित्येक रविवार घालवले होते. ती महापेच्या एका कंपनीत प्रोग्रॅमर. सुट्टीच्या दिवशी नेरूळच्या एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांचं टोळकं जमायचं, तिथे ती पहिल्यापासून होती. जुने कॉम्प्युटर दुरुस्त करून शाळांना द्यायचे, प्रोग्रॅमांची मराठी भाषांतरं करायची, 'फाइल'ला 'धारिका' म्हणायचं की नाही यावर चहा गार होईपर्यंत भांडायचं. जे यंत्र आपल्यावर राज्य करतं त्याच्या आत बघायचा हक्क आपल्याला हवा, हे वाक्य तिने तिथे किती वेळा म्हटलं असेल. पण त्या यंत्राने अडवलेली बाई अशी तिच्याशेजारी कट्ट्यावर कधी बसली नव्हती.

तेवढ्यात पाण्याचे जार घेऊन टेम्पो आला. जोतीरामने ड्रायव्हरसमोर फोन धरला. नेटवर्क गेलं असावं, ॲप अडकलं, स्क्रीन पांढरी झाली आणि मग त्यावर एक ओळ उमटली. जोतीराम हसला.

"हे बघा ताई. नेट नसलं की हे असं गावठी बोलायला लागतं."

उन्नतीने वाकून पाहिलं. 'नोंद झायली. बिगीन आत या.'

ही ओळ तिने लिहिलेली होती.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला उन्नती, तिचा वर्गमित्र दिपेश मढवी आणि आणखी काही जणांनी मिळून मुलींच्या हॉस्टेलसाठी येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नोंदीचा एक प्रोग्रॅम बनवला होता. नाव ठेवलं 'चावडी'. नेट नसताना दाखवायचा निरोप उन्नतीने मुद्दाम आपल्या आगरी बोलीत लिहिला. प्रोग्रॅमने एकदा तरी आपल्या आजीसारखं बोलावं, अशी तिची हौस. मग त्यांनी तो प्रोग्रॅम सगळ्या जगासाठी खुला केला. कोणीही घ्यावा, वापरावा, बदलावा, विकावासुद्धा. अट एकच: ज्याला द्याल त्याला आतल्या सगळ्या लिहिलेल्या ओळी, म्हणजेच सोर्स कोड, उघड्या करून द्यायच्या, म्हणजे त्यालाही वाचता येईल, बदलता येईल. त्यानंतर वर्ध्याच्या मुलींच्या एका वसतिगृहाने त्यात भर घातली, कोल्हापूरच्या एका ग्रंथालयाने घातली, ज्यांची तोंडंही पाहिली नाहीत अशा माणसांनी चुका दुरुस्त केल्या. त्या काळी या अटीचा सगळ्यात कट्टर भक्त दिपेश होता. कॉलेजच्या फेस्टिव्हलला त्याने त्यावर टी-शर्टसुद्धा छापले होते.

आणि 'द्वारसखा'चा मालक कोण, हे शोधायला उन्नतीला एक मिनिटही लागलं नाही. दिपेश मढवी, रबाळे.

रविवारी तिने नेरूळच्या खोलीत ते ॲप सगळ्यांसमोर ठेवलं. टोळक्यातला सौरभ, ज्याला असली कुलपं उघडण्यात भलताच रस, त्याने ॲप आणि चावडी शेजारी शेजारी लावून पाहिली. "बाहेरचा रंग तेवढा नवा आहे," तो म्हणाला. "सांगाडा सगळा आपला. पण गुण कसे मोजतात तो भाग त्यांनी बंद डब्यात ठेवलाय. तो आपल्याला दिसणार नाही. त्यांनीच द्यायला पाहिजे."

सोमवारी सुट्टी टाकून उन्नती रबाळ्याला गेली. कारखान्यांच्या रांगेतल्या एका काचेच्या इमारतीत दिपेशचं ऑफिस होतं. तो उठून भेटला, कॉफी मागवली, तिच्या आईबाबांची चौकशी केली. तिने विषय काढला तेव्हा त्याचा चेहरा जराही बदलला नाही, आणि याचाच तिला जास्त राग आला.

"उन्नती, चावडी मीपण लिहिलीय. माझं मी वापरलं."

"तुझं, माझं, वर्ध्याच्या त्या पोरींचं. वापर की. पैसे कमव. पण अट पाळ. माझ्या सोसायटीला ॲप दिलंस, मग सोर्स कोड दे."

"कोड उघडा केला तर बायका तो वाचून फसवायला शिकतील."

"कोणाला फसवतील? राजाबाईने काय केलं, तेवढं सांग मला."

"एका बाईचं टेन्शन तू कशाला घेतेस?" तो पुढे झुकला. "तू आमच्याकडे ये ना. टेक्निकल हेड. तुझं नाव आम्ही वेबसाइटवर टाकू."

"माझं नाव चावडीत आहे. तुझंही आहे. द्वारसखात तुझं तेवढं ठेवलंस, बाकी सगळ्यांची खोडलीस."

दिपेशने कॉफीचा कप बाजूला सारला. "हे बघ, तू भांडणार असशील तर मग वकील बोलतील."

"बोलू देत," उन्नती म्हणाली आणि उठली. बाहेर ट्रकच्या धुळीत उभं राहून तिने घोट घोट पाणी पिऊन बाटली संपवली, मगच रिक्षा केली.

वकील खरंच बोलले. नेरूळच्या लोकांसमोर कंपनीची बदनामी केल्याबद्दल तिला नोटीस आली, आणि तिच्या मॅनेजरच्या कानावरही कुणीतरी घातलं. मॅनेजर समजावणीच्या सुरात म्हणाला, "शेजारपाजारच्या भानगडी ऑफिसपर्यंत येऊ देऊ नका." घराचे हप्ते होते, बाबांची औषधं होती. दोन-तीन दिवस उन्नती नोटिशीला उत्तर लिहायला बसायची आणि पहिल्याच ओळीवर थांबायची.

राजाबाई मात्र थांबली नव्हती. ती रोज सकाळी कामाच्या वेळेला यायची आणि गेटबाहेरच्या कट्ट्यावर बसायची. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक बाईला थांबवून विचारायची, "तुझ्यावर काय लिव्हलंय, ठावं हाय का तुला?" कुणालाच ठाऊक नव्हतं. पहिल्या दिवशी बायका हसून आत गेल्या. दुसऱ्या दिवशी तिच्याशी बोलत थांबलेल्या गिरजाबाईचा चेहरा पिवळा आला. हिरवा नाही, लाल नाही, पिवळा, म्हणजे लाल व्हायच्या आधीची पायरी.

"माझं काय चुकलं? मी तर कुठं भांडले नाय," गिरजाबाई घाबरून म्हणाली.

"माझ्याशी बोललीस, ते चुकलं," राजाबाई म्हणाली. ती सहज बोलून गेली, पण ते ऐकून भोवतालच्या बायका चपापल्या.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सागरछायाच्या गेटवर एकाही बाईने फोनपुढे चेहरा धरला नाही. शेजारच्या सोसायटीच्या गेटवरही नाही, समोरच्याही नाही. कुणी तोंडावर पदर ओढला, कुणी पाठ फिरवली. एका पोरसवदा बाईने तर कॅमेऱ्यापुढे चप्पल धरली आणि जोतीरामला म्हणाली, "घे, हिचा फोटो काढ, रोज हीच आत येते." रस्त्याच्या कडेला बायकांची ही रांग लागली. वरच्या गॅलऱ्यांतून माणसं डोकावत होती. कुणाची ऑफिसची वेळ, कुणाच्या घरी अंथरुणाला खिळलेली सासू. कुणीतरी वरून ओरडलं, "नाटकं बंद करा!"

राजाबाईने मान वर केली. "बंद करतो की! आमच्यावर काय लिव्हलंय ते खाली येऊन वाचून दाखवा, आत्ता कामाला लागतो!"

उन्नतीने हे आपल्या गॅलरीतून पाहिलं. ऑफिसची मीटिंग चालू होती, कानात कुणीतरी बोलत होतं. तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवला, लॅपटॉप उचलला आणि खाली गेली. गेटवर पोचेपर्यंत तिची नोटिशीची भीती गेली होती असं नाही. पण ती भीती घेऊन वर बसणं तिला त्या क्षणी जास्त जड वाटलं.

तिने बायकांना सगळं सांगितलं: हे ॲप कशापासून बनलंय, त्याची अट काय, आणि ते उघडून दाखवायला मालक कसा बांधलेला आहे. कट्ट्यावर उभं राहून बोलताना तिला अवघड वाटत होतं, शब्द अडखळत होते. गिरजाबाईने मध्येच विचारलं, "म्हनजे तुमी सगळ्यांनी मिळून विहीर खोदली आनि त्याने तिला कुलूप लावला?"

"हो. आणि चावी मागायचा हक्क ज्याला ज्याला त्याने ते ॲप दिलंय, त्या प्रत्येकाला आहे. या सोसायटीलाही. पण मागायला चेअरमननी पाहिजे."

सगळ्या माना वळल्या. हरेशकाका गेटच्या आतल्या बाजूला उभा होता. घरून कामवाली न आल्याचा ओरडा ऐकून आला असावा. त्याच वेळी दिपेशची गाडी लागली. सोसायटीने त्याला फोन केला होता. तो उतरला आणि सरळ हरेशकाकाकडे गेला.

"शेठ, हे सगळं दहा मिनिटांत मिटेल. या बायांना ब्लॉक करतो, एजन्सीच्या दुसऱ्या देतो. तुमच्या करारात आहे तशी सोय."

"कराराचं बोलू आपन," हरेशकाका म्हणाला. "मना येक सांग. माज्या गेटावर कोन लाल, कोन हिरवा, ते कशावरून ठरतं?"

"ते गोपनीय असतं शेठ. करारात लिहिलंय. तुम्ही सही केलीत."

हरेशकाकाचा चेहरा हळूहळू तांबडा होत गेला. उन्नतीला वाटलं, आता तो आपल्यावरच ओरडणार. पण तो ओरडला दिपेशवर, आणि असा की वरच्या गॅलऱ्याही गप्प झाल्या.

"सिडकोवाल्यांनी जमिनी घेतल्या तवा माज्या बापाला पन असाच सांगितलेला! सही करा, आत काय हाय ते तुमाला कलनार नाय! त्याची शेती गेली, मिठागर गेला, आनि तो मरेपर्यंत आमाला इचारत व्हता, मी कशावर सही केली रं? तू पन आपलाच हायस ना, तुर्भ्याचा? तुज्या घरात नाय झायला असा?"

दिपेश मोबाईलवर करार उघडू लागला.

"जोतीराम, बंद कर तो फोन," हरेशकाका म्हणाला. "गेट उघड."

"शेठ, करार मोडताय तुम्ही. मी पोलिसांत जाईन."

"जा. गेट माजा हाय. आनि उन्नती, ते काय मागायचं असतं, सोर्स का काय, ते लिव. सही मी करतंव. या येलेला वाचून करतंव."

बायका आत आल्या. राजाबाई सगळ्यांत शेवटी आली, दिपेशच्या अगदी जवळून, त्याच्याकडे बघत. तो बाजूला झाला.

सागरछायाच्या मागणीपाठोपाठ आणखी पाच-सहा सोसायट्यांनी कोड मागितला. काहींनी तत्त्व म्हणून, बहुतेकांनी भांडी पडून राहिली म्हणून. नेरूळच्या टोळक्याने वर्ध्याला, कोल्हापूरला कळवलं, तिथूनही पत्रं गेली. दिपेश आधी धमकावत राहिला, मग वेळ मागत राहिला, आणि शेवटी त्याच्याच वकिलाने त्याला सांगितलं असावं, की कोर्टात हे टिकणार नाही. एका दुपारी गाजावाजा न करता कंपनीने सगळा कोड वेबसाइटच्या एका कोपऱ्यात टाकला. तो कुणी वाचणार नाही, असं बहुधा त्यांना वाटलं असेल.

तो वाचला गेला उलवे गावच्या समाजमंदिरात. रविवारी सकाळी सौरभने भिंतीवर चादर लावून प्रोजेक्टर सुरू केला, समोर सतरंजीवर शंभरावर बायका, मागे उभे हौसेराव आणि हरेशकाका. उन्नती एकेक ओळ वाचायची आणि मराठीत सांगायची. तिने आयुष्यात पुष्कळ कोड वाचला होता, पण असं मोठ्याने, आणि ज्यांच्याबद्दल तो लिहिलाय त्यांच्यासमोर, कधीच नाही.

"ही ओळ म्हणते, बाईने काम सोडलं की तिचे गुण कमी."

"का सोडलं ते?" कुणीतरी विचारलं.

"ते विचारायला जागाच नाहीये. पुढची ओळ. मालकाने 'वाद घातला' असं बटण दाबलं, तर आणखी कमी."

"आनि मालकानं वाद घातला तर?"

"त्याला बटण नाही."

राजाबाईने मान हलवली. लाल व्हायच्या आधीच्या महिन्यात तिने एक घर सोडलं होतं. तिथे तिला चहा वेगळ्या कपात मिळायचा, आणि ते तिने मालकिणीला तोंडावर सुनावलं होतं. काम सोडलं, वाद घातला. एवढंच होतं ते लाल.

"आता ही," उन्नती म्हणाली आणि थांबली. तिने ओळ पुन्हा मनात वाचून खात्री केली. "लाल बाईबरोबर जी बाई वारंवार गेटवर दिसेल, तिचेही गुण कमी करायचे."

समाजमंदिरात गोंधळ उडाला. गिरजाबाई उठून उभी राहिली. "म्हनजे आमी येकमेकींशी बोललो की पिवळ्या! हे मुद्दाम लिव्हलंय?"

"मुद्दाम. कुणीतरी विचार करून लिहिलंय."

"काढ ती," राजाबाई म्हणाली.

"मावशी, त्यांच्या गेटांवरचं मला काढता येणार नाही. पण आपली चावडी आपण परत घेऊ, आपल्या गेटांना लावू. तिच्यात ही ओळ नसेल."

"मग आत्ता काढ. समद्यांम्होरं काढ."

उन्नतीने भिंतीवर सगळ्यांना दिसेल अशी ती ओळ निवडली आणि पुसली. मग स्टारची ओळ पुसली, बटणाचीही. मागून एका बाईने सुचवलं की आपणही मालकांना लाल करायची सोय ठेवा, आणि त्यावर हशा पिकला, टाळ्याही पडल्या. राजाबाई हसली नाही.

"मला कुनाला लाल करायचं न्हाई. माझ्या नावावर काय लिव्हलं, कुनी लिव्हलं, ते मला कळलं पायजे, आनि मला उलट बोलता आलं पायजे. येवढं घाल त्यात."

ते घालायला टोळक्याचे दोन आठवडे गेले. सागरछायात आणि आणखी चार गेटांवर आता चावडी आहे. बाकीच्यांनी द्वारसखा ठेवलं, पण ती ओळ उघडी पडल्यावर दिपेशला ती काढावी लागली. राजाबाईची एक-दोन घरं परत आली, एका घराने दुसरी बाई ठेवली. उन्नतीवरचा बदनामीचा दावा अजून चालू आहे आणि तारखेला तिला बेलापूरच्या कोर्टात जावं लागतं. ऑफिसात तिचं प्रमोशन लांबलं. दिपेशने एकदा रात्री मेसेज केला, 'तू हे वेगळ्या पद्धतीने करू शकली असतीस.' तिने उत्तर लिहिलं, 'तूही.'

गेल्या आठवड्यात तुर्भ्याच्या एका कारखान्यातल्या पॅकिंगवाल्या बायका राजाबाईला शोधत आल्या. त्यांच्या गेटवर दुसऱ्याच कंपनीचं मशीन होतं, आणि ते कुणाची हजेरी लावायची नि कुणाची नाही हे आपल्या मनाने ठरवत होतं. राजाबाईने उन्नतीला फोन केला. त्या मशीनच्या पोटात चावडी नव्हती, मागायला कसलाही कागदी हक्क नव्हता, हे उन्नतीने तिला स्पष्ट सांगितलं.

"मग?" राजाबाई म्हणाली. "हक्क न्हाई म्हून इचारायचं न्हाई व्हय?"

दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटायच्या वेळेला दोघी तिथे पोचल्या. गेटवरच्या सिक्युरिटीने हात आडवा केला आणि म्हणाला, बाहेरच्यांना आत सोडत नाहीत. "आम्हाला आत यायचंच नाही," उन्नती म्हणाली. तिने फुटपाथवर वर्तमानपत्र अंथरलं, कुणाची हजेरी कधी लागली नाही ते लिहून घ्यायला लॅपटॉप मांडीवर घेतला. राजाबाई शेजारी ऐसपैस बसली आणि गेटातून बाहेर पडणाऱ्या पहिल्या बाईला तिने हाक मारली.